दिवेलागणीनंतर वाच

रविवार, १४ जुलै

ती. आईस,

पाया पडतो. आबांच्याही, गुडघे सांभाळून. हे पत्र सकाळी उघडू नकोस, दिवेलागणीनंतर वाच. का ते पुढे कळेल.

मी मजेत. काचेची भट्टी विझू देत नाहीत, म्हणून रात्रपाळीला माणूस लागतोच. बाकीचे रडतात, मी मागून घेतो. मुकादम म्हणतो, "उलटा जन्मलास काय रे?" आबा मला घुबड म्हणतात हे त्याला सांगितलं नाही, नाहीतर इथेही तेच नाव पडायचं.

आबांचा निरोप दादाकडून मिळाला. त्याचं मागाहून लिहितो.

परवा रात्रपाळीवाल्यांना तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "सुट्टीत कुणी उठवलं नाही तर कधी उठतोस?"

म्हटलं, "दुपारच्या जेवणाला."

हसल्या. "हा आळस नाही रे. अंगात घड्याळ असतं, कुणाचं पुढे, कुणाचं मागे. नाकडोळ्यांसारखं तेही थोडंफार रक्तातूनच येतं. घरी तुझ्यासारखं कोण आहे?"

म्हटलं, "कुणी नाही. आबा पहाटे घरोघर पेपरची लाईन टाकतात, कोंबड्याला तेच उठवतात. आई तर त्यांच्याही आधी उठते."

"उठते, की उठावं लागतं?"

आई, तेव्हापासून डोक्यात भुंगा. आबा दुसरा गठ्ठा आणायला गेले की माझ्या वाटणीच्या पुरवण्या तूच पेपरात भरायचीस, मला झोपू द्यायचीस. एकात दोन, दुसऱ्यात एकही नाही! गिऱ्हाइकं बोंबलायची आणि आबा म्हणायचे, घुबडाचं काम. खरंच होतं गं, फक्त घुबड दुसरं होतं. आणि पहाटेचा तो चहा? गाळणीत ओतलास, खाली कपच नव्हता. पण दिवे लागले की तुला असा हुरूप यायचा, गाणी म्हणत घर डोक्यावर घ्यायचीस. आजीकडे गेलो की अंगावर ऊन येईस्तोवर झोपायचीस. आजी दारात बसून सगळ्यांना गप्प करायची. तिला ठाऊक होतं.

आता निरोपाचं. लाईन सांभाळायला मी येणार नाही. आबा रागावतील, रागावू देत. दादा त्यांच्यावर गेलाय, पहाटे आपसूक जागा होतो, त्याचं दुकानही उशिरा उघडतं. त्यालाच द्या.

तू मात्र इकडे ये. खोली लहान आहे, पण खिडकीला जाड कापड लावलंय. सकाळी पाळीवरून आलो की मी दारात बसेन. तुला कुणी हाक मारणार नाही.

तुझ्यावर गेलेला,
घुबड