सतरा नंबरचा पिवळा

१२ मार्च

ती. ताईस नमस्कार,

दोन महिने पत्र नाही, रागावू नकोस. गुडघे कसे आहेत? भावोजी अजून जिन्यात तुझ्यापुढे धावतात का? मी बरी आहे. (हे वाक्य तीनदा खोडलं, ठेवते, बरंचसं खरं आहे.)

स्तनाच्या ऑपरेशननंतर मला पाच वर्षं रोज हार्मोनची गोळी घ्यायची आहे, हे तुला ठाऊकच आहे. ती कॅन्सरला दाराबाहेर ठेवते. पण क्वचित लिव्हरलाही चावते, हे आता कळलं. गेल्या महिन्यात एका सकाळी आरशात डोळे पिवळट दिसले. मी वीस वर्षं रंगाच्या कारखान्यात शेड जुळवते. पांढऱ्यात पिवळ्याचा अर्धा थेंब जास्त पडला तरी डबा परत पाठवते. तेव्हा पुरता विचार करून मी ठरवलं, की बाथरूमचा बल्ब खराब आहे. ह्यांच्याकडून तो बदलून घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला ह्यांनी विचारलं, आपण दुकान टाकतोय का. अंगाला खाज सुटली, तिचा आळ साबणावर घेतला. जेवण जाईना, त्याचा भाजीवर. (भाजी ह्यांनी केली होती, म्हणून तो सगळ्यांना पटला.)

शेवटी आमच्या मुकादमांनी (बोलतात कमी, टोचतात जास्त) पिवळ्या छटांचं शेडकार्ड माझ्या डोळ्याशेजारी धरलं. म्हणाले, "बाई, हा आपला सतरा नंबर. तुम्हाला शोभतोय, पण डॉक्टरला दाखवा."

रक्त तपासलं, तर लिव्हरचे आकडे पाचपट. डॉक्टरीणबाईंनी गोळी लगेच थांबवली. आता आकडे उतरताहेत, खाज गेली, ह्यांची भाजी मात्र आहे तशीच आहे. चोवीस तारखेला पुढची गोळी ठरेल.

तुझी,
धाकटी

ता. क. बल्बचा दोष नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गोळी बंद झाली तर तो आजार परत येईल, या भीतीने गप्प बसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पिवळेपणा कधीपासून? मी म्हटलं, "चार दिवस." डायरीत एकोणीस आहेत. पुढचं सगळं त्या माझ्या उत्तरावरून ठरवणार. चोवीसला सोबत येशील? तुझ्यासमोर मला खोटं बोलता येत नाही.

आणखी एक ता. क. पत्र परत वाचलं. एकोणीस दिवस गप्प बसले ते पुरे नाही का, की आता चोवीसपर्यंत तुझी वाट बघायची? तू तरीही ये. बल्ब आणू नकोस, तीन चांगले शिल्लक आहेत.

उद्याचं काम: सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन. दिवस एकोणीस.