सासऱ्यांना दाखवायच्या पाच बागा

११ जून २००५, शनिवार
माझी बायको पूर्वी, तिचे वडील नाना पुण्याहून येऊन आठवडा झाला. आज शेजारच्या सतीशने त्यांना ब्रँडन हिलवर नेलं. टॉवरवरून अख्खं ब्रिस्टल दिसलं म्हणे. जेवताना 'सतीशराव' चौदा वेळा आले. मी मोजले. मला हेवा वगैरे अजिबात नाही. पण जावई मी आहे!
संकल्प: पाच बागा. एक्सेलमध्ये प्लॅन केला. कलरकोडसकट.

१२ जून
डाउन्स, म्हणजे इथलं मोठं मोकळं माळरान. सहाला निघायचं होतं. साडेदहाला उठलो. आठवडाभर ऑफिस करणाऱ्या माणसाला झोप लागते, त्यात काय? नाना तोवर सतीशबरोबर डाउन्सला जाऊनही आले.

१८ जून, शनिवार
ॲश्टन कोर्ट, जुन्या वाड्याभोवतीचं मोठं पार्क. हरणं दाखवतो म्हणून छातीठोकपणे सांगितलं. दोन तास चालवलं. एक हरीण दिसेल तर शपथ. शेवटी नाना हळूच म्हणाले, मंगळवारी सतीशरावांनी पलीकडच्या बाजूला दाखवली होती. हा माणूस डोक्यात जातो. वीकडेला वेळ कसा मिळतो याला?

१९ जून, सकाळी ७
आज जिंकणार. कौन्सिलची गुलाबांची बाग. सतीशने ती दाखवलेली नाही, आडून विचारून घेतलं.

त्याच दिवशी, ११
नानांनी खिशातून कॅरीबॅग काढली आणि देवपूजेसाठी गुलाब खुडायला लागले. पुण्यात फिरायला गेले की रोजच खुडतात. इथे चालत नाही हे मी सांगणारच होतो. पण बाग छान निवडलीत, असं ते पहिल्यांदाच म्हणाले. मग मीच वरची फांदी वाकवून धरली.
माळीणबाई ओरडत आल्या. मी फांदी सोडली आणि झाडामागे गेलो. घाबरून नव्हे, दोघांनी एकदम बोललं की गोंधळ होतो.
नाना एकटेच, हातात पिशवी घेऊन उभे. तेवढ्यात जॉगिंग करत कोण यावं? सतीशने माफी मागितली, नानांचा हात धरला, आणि 'माझ्या गार्डनमधली हवी तेवढी फुलं न्या' असं त्यांना म्हणाला. बाई हसल्या. त्यांनाही तोच आवडला.
घरी येईपर्यंत नाना सतीशचाच हात धरून चालले.

२६ जून, रविवार
पूर्वीने हुकूम काढला: सतीशकडून रोज फुलं मी आणायची. साडेसहाला. आता उठतो बरोबर. एक्सेल डिलीट केली.
संध्याकाळी नाना पुण्याला फोनवर सांगत होते, जावयांचं उत्तम चाललंय, सतीशरावांच्या शेजारी घर मिळालंय.