बोटभर उंची

बेबेसेन,
२३ ऑगस्ट

आदरणीय अबंग,

अस्सलामु अलैकुम. मेदानला वहिनी आणि मुलं सुखरूप असतील. इकडे आम्ही बरे आहोत. यंदा कॉफीला फळ चांगलं धरलंय. आमच्या जुनैदाच्या आईने तुमच्यासाठी तळ्यातले दपिक मासे वाळवून ठेवलेत. तुमच्याकडे येणारं कुणी भेटलं की पाठवतो.

शर्यतीचं तुम्हाला कळलंच असेल. बक्षीस दुप्पट केल्यामुळे थेट पादांगहून घोडे आले होते, लांब तंगड्यांचे, विलायती रक्ताचे. वरच्या गटात आपल्या डोंगरी घोड्याचं काम नाही, असं जो तो म्हणत होता. आपला कुयू चौथा आला. पहिल्या वळणापर्यंत तर दुसरा होता! आता मजेत चरतोय.

घोड्यांची उंची मोजून गट ठरवणाऱ्या म्हाताऱ्याने खुन्नस काढून कुयूला खालच्या गटातून वर ढकललं, असं तुम्ही लोकांना सांगताय म्हणे. अबंग, त्या म्हाताऱ्याला बोल लावू नका. त्याने काठी सरळच धरली होती.

मोजताना खांद्यामागे चिमटा काढला की कुयू पाठ दाबतो आणि बोटभर कमी भरतो. शिंगरू असताना तुम्हीच त्याला ते शिकवलंत. साऱ्या गावाला ठाऊक आहे. म्हणून तर रांगेत मागे उभा असलेला सारीचा बाप, अमान सारी, ओरडला, "काय रे, आज बोटांना मेंदी लावलीस का? काढ की चिमटा!"

"तुला काढू का?" मी म्हटलं. सगळे हसले.

म्हातारा तेवढा हसला नाही. "ठरव बाबा लवकर. मागे अजून घोडे आहेत."

मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. कुयू ताठ राहिला आणि बोटभर जास्त भरून वरच्या गटात गेला.

आदल्या दिवशी बाजारात केळीवाला भेटला होता. "तुझ्या भावाने फोनवर सांगितलंय, खालच्या गटात कुयूवर डोळे मिटून लावा. मी म्हैस विकायला काढलीय," म्हणाला. हे सांगताना तो इतका खूश होता, की मला त्याच्याकडे बघवेना. पहाटेच्या नमाजात कुयू जिंकावा म्हणून मी दुआ मागतो. चिमटा नीट बसावा म्हणून कशी मागू?

शर्यतीआधीच तुमची टीप मेली. म्हैस अजून त्याच्या दारात आहे. लोकांनी तुम्हाला काय काय ऐकवलं असेल, याची मला कल्पना आहे. त्याचं वाईट वाटतं. केलं त्याचं वाटत नाही.

आता तुम्ही लिहिता, शुक्रवारी ट्रक येईल, घोडा चढवून दे, गिऱ्हाईक ठरलंय. ट्रक पाठवू नका, रिकामा परत येईल. कुयू अर्धा तुमचा, कबूल. इमामांसमोर बसून वाटणी मागा, मी येईन, खाली मान घालून ऐकेन. पण दावं माझ्या हातून सुटणार नाही.

पुढच्या शर्यतीला मी त्याचं नाव वरच्याच गटात दिलंय. तुमच्या लोकांना टीप हवीच असेल, तर एवढी द्या: कुयू धावणार आहे, आणि तो जिंकेल की नाही हे त्याच्या मालकालाही माहीत नाही.

तुमच्यापुढे आवाज न चढवणारा, पण घोडा न देणारा,
तुमचा धाकटा भाऊ
अमान जुनैदा