घंटा वाजेपर्यंत

४ जानेवारी, शनिवार

ठरलं! यंदाही बॉक्सिंगच. अध्यक्षबाईंनी नाक मुरडलं — "मार खाल्लेल्या बायकांसाठी निधी जमवायचा, तोही मारामारी दाखवून? शोभतं का?" म्हटलं, बाई, आपल्या गाण्याच्या कार्यक्रमाला तुमचे नातेवाईकसुद्धा फुकट पासावर येतात. बॉक्सिंगला माणसं उभी राहून बघत होती! आधारघरात खाटा आठ आणि बायका एकोणीस. वरचा मजला बांधायचाय. मला शोभा नको, विटा हव्यात.

नियम तेच. आपल्यातलीच साधी माणसं, आठ आठवडे तालीम, मग तीन-तीन फेऱ्या. आणि माझी खास शक्कल — घंटेचा लिलाव. सर्वांत मोठी बोली लावेल त्याच्या हातात शेवटच्या लढतीची घंटा. तो वाजवेल तेव्हाच फेरी संपणार. गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरच्या बायकोनं नवऱ्याची फेरी वीस सेकंद ताणली. हसून हसून लोकांची पोटं दुखली.

११ जानेवारी

भाऊजी लढणार! ताईचे यजमान, बिल्डर. मजल्याचं सिमेंट, लोखंड सगळं ते देणार, फक्त शेवटची लढत त्यांची हवी. "मेहुणीबाई, तुमच्यासाठी कायपण!" ताई मागे उभी होती. हसली. ओठ सुजलाय, जिन्यावर पडली म्हणे. वेंधळी आहे पहिल्यापासून.

१८ जानेवारी

तालीम बघायला गेले. भाऊजींनी पोत्यावर असे ठोसे घातले की वरची साखळी करकरली. मी टाळ्या वाजवल्या. तालीम घेणारे मास्तर नुसते भाऊजींच्या हातांकडे बघत होते. एके काळचे बॉक्सर, नाक पार सपाट, कुणाची भीडभाड नाही. जाताना दारात अडवलं.

"तुझे भाऊजी तोंड झाकत नाहीत."

"शिकतील की."

"शिकायची गोष्ट नाही ती. नवा माणूस घाबरतो, हात आपोआप तोंडापुढे येतात. यांचे येत नाहीत. मारायची सवय आहे, उलटा ठोसा कधी बसलेला नाही." मग — "घरी कोण कोण असतं?"

फणकारले. म्हटलं, तुम्ही ठोसे शिकवा, घरं मोजू नका.

१९ जानेवारी

जेवण गेलं नाही. मेला मास्तर!

२ फेब्रुवारी

भाऊजी साइटवर असताना मुद्दाम ताईकडे गेले. वरच्या फळीवरची बरणी मागितली. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. "अवघडलाय गं." दंड धरला तर किंचाळली. बाही वर सरकवली. पाच बोटं. मोजता येत होती.

"चल. आत्ताच्या आत्ता चल."

"कुठे? तुझ्याकडे खाट आहे?"

नव्हती. माझं घर आहे, हे मला सुचलंसुद्धा नाही!

"आणि तुझा मजला कोण बांधणार?" टोमणा नव्हता. खरंच काळजीनं विचारलं तिनं. चहा न घेता निघाले. पत्रिका छापायला जायची होती. भाऊजींचं नाव खोडायला पेन काढलं. खोडलं नाही.

९ फेब्रुवारी

भाजी चिरताना सुरी पाटात रुतवली. दात पाडावेत मेल्याचे, एकेक करून, मोजून! तेवढ्यात त्यांचाच फोन — सिमेंट उतरवलं. "थँक्यू भाऊजी," म्हणाले. जीभ कशी झडली नाही माझी?

२ मार्च, रविवार

कालचं लिहिते.

संध्याकाळी पाचला हॉल खचाखच. माईक माझ्याकडे. बोली सुरू झाली — सोनारानं चढवली, पेट्रोलपंपवाल्यानं चढवली. मग पहिल्या रांगेतून ताईचा डावा हात वर. "माझे सगळे दागिने." टाळ्यांचा कडकडाट! भाऊजी दोरांमागून ओरडले, "बायको असावी तर अशी!" मी तीनदा पुकारलं आणि घंटा ताईच्या मांडीवर ठेवली. तिचे हात गार पडले होते.

समोर बर्फाच्या कारखान्यातला माणूस. लाद्या उचलून खांदे दगड झालेले, स्वभावानं गरीब गाय. पहिल्या दोन फेऱ्या भाऊजींच्या. ताईनं घंटा अगदी वेळेवर दिली. तिसरीत भाऊजींना धाप लागली आणि बर्फवाल्याचा एक नाकावर बसला. भळाभळा रक्त. फेरीची दोन मिनिटं झाली. घंटा नाही. लोक हसले — ताणतेय, ताणतेय! तिसरं मिनिट. हसू थांबलं. भाऊजी दोरावर रेललेले, एक डोळा बंद, तरी शिव्या घालत आंधळे हात फिरवतायत. "ये की, भित्र्या!" बर्फवाला मारत होता आणि रडकुंडीला आला होता. "ताई, वाजवा की!" ताई भाऊजींकडे बघत बसलेली. घंटेवर हात, पण हलत नाही. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. एक दात माझ्या कागदांवर येऊन पडला.

पंच मास्तरच होते. थांबवू शकले असते. ताईकडे एकदा बघितलं आणि हाताची घडी घालून उभे राहिले. अध्यक्षबाई माझा पदर ओढत होत्या — "थांबव गं, मरेल तो!" माईकवर एक शब्द बोलायचा होता मला. मी म्हणाले, "घंटा वाजेपर्यंत फेरी चालू आहे."

आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

भाऊजी तोंडावर आपटले. मग ताईनं घंटा वाजवली.

५ मार्च

भाऊजींचा जबडा तारेनं बांधलाय. डोळ्याचं काही सांगता येत नाही, म्हणतात. पोलिसांना नियमांचा कागद दाखवला, खाली भाऊजींचीच सही. कमिटी खूश — इतका यशस्वी कार्यक्रम आजवर झाला नाही! पुढच्या वर्षीच्या खुर्च्या लोक आत्तापासून अडवतायत. ताई माझ्याकडे आलीय. आज पोटभर जेवली. दोनदा भात घेतला.

७ मार्च

ताईनं विचारलं, "तुला कधी कळलं गं?" मास्तर बोलले तेव्हा, असं सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

खोटं बोलले. या वहीतसुद्धा कधी लिहिलं नाही. सहा वर्षांपूर्वी आधारघराची पहिली देणगी आणायला भाऊजींकडे गेले होते. खिडकीतून सगळं दिसलं. फाटकाशी थांबले. तिचं ओरडणं थांबल्यावर आत गेले आणि चेक घेतला.