राजेश्वरीच्या नावाच्या टाळ्या

भीमाशंकरअण्णा, शरणु शरणार्थी.

तुम्ही छापलेली रविवारच्या गुणगौरवाची पत्रिका मिळाली. बारावीत समाजात पहिली म्हणून आमच्या राजेश्वरीचं नाव आहे. तिथं दोन दुरुस्त्या करा. गुण ९४ टक्के छापलेत, ते ९४.३३ आहेत. आणि नावाआधीचं 'कै.' काढा. पेपर लिहिले तेव्हा पोरगी जिवंत होती. ताप शेवटच्या पेपरानंतर आला.

मी आठवी सोडून माग धरला. चादरीची नक्षी काढायला मला कुणी शिकवलं नाही. बीजगणितही मी तिच्याच पुस्तकावरून शिकलो, तिला घरात विचारायला कुणी असावं म्हणून. ती हसायची, "अप्पा, उत्तर बरोबर हाय की, पण रीत कुठली हो ही?"

काल तुमच्या दुकानात तुम्हांला म्हणालो, तिचं नाव पुकारल्यावर श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभं राहू नका, टाळ्या वाजवा. तुम्ही म्हणालात, "मल्लिनाथ, कसं व्हायचं रे? तुझ्या तोंडाकडं बघून कुणाचे हात उठतील?"

खरं आहे. निकालाच्या दिवशी मी घरात तिचं नाव मोठ्यानं पुकारलं, गुण सांगितले आणि टाळ्या वाजवल्या. तिची आई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. मला वाटलं, तीही वाजवेल. तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

म्हणून टाळ्यांचा हट्ट सोडतो, हे पत्रही पेटीत टाकत नाही. रविवारी येतो. सगळ्यांबरोबर मीही उभा राहीन.

आपला,
मल्लिनाथ, भवानी पेठ
(राजेश्वरीचे वडील)