भट्टी बंद ठेवा

शुक्रवार, २१ जानेवारी
सकाळचे अकरा

ती. बाबांना,

नमस्कार. तुमचा गुडघा थंडीत कुरकुरत असणार आणि हे पाकीट आधी आईच फोडणार, म्हणून तिला इथेच सांगते: आई, पत्र बाबांचं आहे. वाचून दाखवू नकोस, नुसता चष्मा शोधून दे.

मी ठणठणीत. नोकरीला पाचवा महिना लागला! छापखान्यात तीन महिने टिकले होते, बोटीवर दीड, म्हणजे हा विक्रमच. ऑफिस अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्या आणि गच्ची. खाली बंबवाले दिवसभर कॅरम खेळतात. त्यातला एक डोळे मिटून सोंगटी घालवतो, खोटं नाही सांगत, मी स्वतः पाहिलंय. पण ते राहू दे.

गेल्या वर्षी दारात उभी राहून मी तुम्हाला काय म्हणाले होते, ते दोघांनाही पाठ आहे. "धुराच्या धंद्यात मी जन्म काढणार नाही." तेव्हापासून तुम्ही माझ्या फोनला आला नाहीत. आणि मला अखेर काम कुठे मिळालं? धूर मोजायचं. हसा खुशाल.

गच्चीवर एक यंत्र आहे, दिवसभर हवा ओढतं. त्यात बशीएवढा पांढरा कागद असतो. रोज नऊ वाजता मी तो बदलते. पावसाळ्यात तो जवळजवळ पांढराच निघायचा. हल्ली कोऱ्या चहाच्या रंगाचा निघतो. मला वाटायचं, थंडीत लोक जास्त शेकोट्या पेटवतात म्हणून. आमच्या मॅडम म्हणाल्या, "तेही आहेच, पण खरी गोम वर आहे." आपलं सगळं खोरं म्हणजे एक खोल पातेलं. वारा पडला की रात्रीची गार हवा जड होऊन तळाशी बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. मग इथल्या गाड्यांचा, तिकडच्या कौलांच्या भट्ट्यांचा, सगळ्या गावांचा धूर त्या झाकणाखाली एकत्र मुरत राहतो. इथे दवाखान्यात वाफ घ्यायला मुलांची रांग लागते, ती त्याच दिवसांत.

पण बाबा, थंडी दोन जातीची असते! ही झाली बसकी. दुसरी चालती. ती लांबून वारा घेऊन येते, झाकण उडवते आणि खोरं झाडून काढते. डिसेंबरात एकदा आली होती. सगळे स्वेटरात कुडकुडत होते आणि मी गच्चीवर नाचत होते, कारण कागद पांढरा निघाला. खालचे बंबवाले ओरडले, "अगं, पडशील!" मी म्हटलं, "मग तुम्ही कशाला आहात?"

आता मुद्द्यावर येते. येणारच होते.

सोमवारी तुम्हाला नोटीस मिळाली ना? "झाकणाच्या दिवसांत सर्व भट्टीचालकांनी आपापली भट्टी बंद ठेवावी." सही मॅडमची आहे. पण टंकली मी. तेरा नावांच्या यादीत तिसरं नाव तुमचं, तेही मीच टंकलं. आणि कोणाला बोलले नाही, कारण इथे मी सांगून ठेवलंय की माझे वडील पोस्टात आहेत. का सांगितलं, ते विचारू नका. हातांची माती लपवल्यासारखं वाटत होतं, तरी सांगितलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. कागद आणखीच काळा. काल मॅडम भडकल्या. "तेराच्या तेरा जणांनी आपल्याला वेड्यात काढलंय! परवाने रद्द करायला पाठवते. त्याआधी एकाला फोन लाव, काय बहाणा करतात ऐकू दे." आणि त्यांनी यादीतल्या नेमक्या तिसऱ्या नंबरावर बोट ठेवलं.

मी नाकातून, सरकारी आवाज काढला. "भट्टी बंद ठेवायची नोटीस मिळाली होती का?"

तुम्ही म्हणालात, "मिळाली की! बंदच आहे हो बाई. सोमवारी सकाळीच तोंड विटांनी बंद केलं, वरून माती लिंपली. फट म्हणून ठेवली नाही. आत कशी लालबुंद झालीय, बघायला या!"

मॅडमचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. फोन ठेवला आणि खुर्चीवरून घसरायचीच बाकी राहिले. त्या म्हणाल्या, "यात हसण्यासारखं काय आहे?"

मी म्हटलं, "मॅडम, भट्टीवाल्यांच्या भाषेत भट्टी बंद करणं म्हणजे तोंड लिंपून आत जाळ घालणं! तेराही जण आपलं ऐकतायत. ज्यांना या आठवड्यात पेटवायची नव्हती, त्यांनीसुद्धा आपल्या हुकमामुळे पेटवली असेल!"

"तुला गं काय माहीत?"

"मी भट्टीपाशीच वाढले. आत्ता फोनवर होते, ते माझे वडील."

मग मॅडम म्हणाल्या, "पोस्टातले?" आणि त्याही हसू लागल्या, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

परवान्यांचा विषय तिथेच मिटला. माझं डोकं मात्र अजून जाग्यावर नाही. तुमच्या घरात वाढून मला तो शब्द खटकू नये? नवी नोटीस मी माझ्या शब्दांत लिहिली: पेटलेली भट्टी पुरी होऊ द्या, अर्धी कच्ची कौलं कोणाच्या कामाची नाहीत, पण नव्याने जाळ घालू नका. मॅडमनी एक काना बदलला, बस.

मंगळवारी चालती थंडी येतेय, दुपारपर्यंत झाकण उडेल. तोवर धाकटी भट्टी भरून ठेवा. मी सुट्टी घेतली आहे, सकाळच्या गाडीने येते. पहिला जाळ मी घालते, तुम्ही नको म्हणालात तरी.

आईला वाटेल की मी फारच धीट झाले. तसं नाही. कालच्या फोनचा शेवट मी मॅडमना सांगितलेला नाही. ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "गारठा वाढलाय, कान झाकून बस."

सरकारी बाईला कोणी असं सांगतं का, बाबा? आणि "बसा" नाही म्हणालात.

स्कार्फ गुंडाळून लिहायला बसलेली,
तुमचीच
धाकटी