गाडीत चढलेला माल

प्रिय नागू,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. एका घरात राहणाऱ्या भावाला कोण पत्र लिहितं? तू जेलात होतास तेव्हाही लिहिलं नाही. तिथं पत्र आधी दुसरेच वाचतात असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि मला तर तुला शिव्या घालायच्या होत्या. आता मधे वाचणारं कुणी नाही.

आजच का लिहितेय ते सांगते. आज कोल्हापूरला जाऊन आले. तुझं अपील तिथं हायकोर्टात पडलंय, ते तुझ्याबरोबर मरू नये म्हणून अर्जावर सही केली. अपील करणारा माणूस मेला की त्याचं अपीलही मरतं, ठाऊक होतं तुला? मलाही नव्हतं. बनसोडे वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. आईबाप, बायको, मुलं, भाऊबहीण, यांच्यापैकी कुणी महिन्याच्या आत अर्ज केला तरच ते पुढं चालतं. नाहीतर फाइल बंद, आणि तू कायमचा गांजावाला.

महिन्याच्या आत! त्यातले किती दिवस सुतकातच गेले. लोक भेटायला येत होते, चहा पिऊन जात होते, आणि जाताना दारात चप्पल घालता घालता हळूच विचारत होते, "खरंच काय झालं हुतं वो त्या गाडीचं?" मेलेल्या माणसाच्या घरी येऊनसुद्धा लोकांना गाडीचंच पडलं होतं.

दहाव्याला मी घाटावर गेले. बायका येत नाहीत म्हणून काका कुरकुरले, मी ऐकलं नाही. कावळे समोरच्या झाडावर बसले होते, पण पिंडाला एकही शिवेना. एकेक जण पुढं होऊन तुला वचन द्यायला लागला. अप्पांना सांभाळू, काळजी करू नको, वर्षश्राद्ध घालू. कावळा ढिम्म! ऊन चढलं तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली, कुणाला कामावर जायचं होतं. शेवटी काकांनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवून मोकळे झाले. मला त्या जागी हसू आलं रे. तुझ्या पंचनाम्यालाही असलेच बनवलेले पंच होते!

नागू, तू लहानपणापासून अप्पांच्या टेम्पोत वाढलास. चादरीचे गठ्ठे कारखान्यातून उचलायचे आणि पुण्याला नेऊन टाकायचे, एवढंच अप्पांचं जग. त्यांचे दोन नियम तुला पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. एक, गाडीत चढलेला माल आपला. नाक्यावर कुणी विचारलं तर गिऱ्हाइकाचं नाव घ्यायचं नाही, आपणच जबाब द्यायचा. आणि दुसरा, माल पोचल्याशिवाय गाडी सोडायची नाही. ह्या दोन नियमांवर अप्पांनी घर चालवलं. व्यापारी डोळे मिटून त्यांच्याकडं गठ्ठे द्यायचे. पावती नाही, चिठ्ठी नाही. "अप्पाच्या गाडीत टाकला" एवढं म्हटलं की झालं.

अप्पांच्या पायाला लकवा मारला आणि गाडी तुझ्याकडं आली. गाडीबरोबर नियमही आले. अप्पांच्या काळात गठ्ठ्यात फक्त चादरी असायच्या, हे मात्र तुला कुणीच सांगितलं नाही.

तो चिंधीवाला आठवतो तेव्हा माझ्या हाताची मूठ होते. मी जिथं शाळेच्या गणवेशाच्या कॉलरी शिवते, त्या कारखान्यातल्या चिंध्याही तोच न्यायचा. गोड बोलायचा. "नागूभाऊ, जागा हाय न्हवं मागं? एवढा एक गठ्ठा टाकू का? पुण्यात मानूस उतरून घेतंय." आणि तू गाडी थांबवायचास. आपल्याकडं सगळेच थांबवतात. रिकामी जागा दिसली की ओळखीच्याचा गठ्ठा चढवायचा, ही रीतच आहे. नाही म्हणणारा ड्रायव्हर माजोरी ठरतो. तू माजोरी नव्हतास. थोडा असतास तर बरं झालं असतं.

मोहोळच्या पुढं पोलिसांनी गाडी अडवली. त्यांना आधीच कुणीतरी सांगितलेलं असणार, कारण बाकीच्या गठ्ठ्यांना त्यांनी हातही लावला नाही, सरळ चिंध्यांच्या गठ्ठ्याकडं गेले. "हा कुणाचा?" असं विचारलं. आणि तू म्हणालास, "माझाच हाय, साहेब."

मग त्यांनी गठ्ठा फाडला. वर चिंध्या, आत गांजा.

तेव्हा तरी बोलायचंस! अरे, तेव्हा तरी! तोंडाला कुलूप लावलं होतं का कुणी? गठ्ठ्यात गांजा आहे हे तुला तेव्हाच कळलं, असं तूच मला नंतर सांगितलंस. पण नाव मात्र घेतलं नाहीस. मी पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा जाळीच्या पलीकडून काय म्हणालास, आठवतं? "तो येईल की, अक्का. त्याचा माल हाय, त्याला यावंच लागंल. तो आला की त्योच सांगंल." असल्या मालासाठी कोण येतं रे? त्या माणसानं दुसऱ्या दिवशीच गोदामाला कुलूप लावलं. मी स्वतः जाऊन बघितलं. दारात एक म्हातारी शेंगा विकत बसली होती, ती म्हणाली, "गेला की त्यो. भांडीकुंडी घेऊन गेला."

आपला पहिला वकील आठवतोय? गल्लीतल्या मेंबरनं मिळवून दिलेला. त्याला मी चिंधीवाल्याचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "आरोपीच नाव घेत नाही, तर तुम्ही कोण घेणार?" पंच साक्षीला आले त्या दिवशी त्यानं त्यांना धड एक प्रश्न विचारला नाही. घड्याळ बघत होता, त्याची दुसरीकडं तारीख होती. मी मागच्या बाकावर बसून ओठ चावत होते. गणवेशाची कॉलर उलटी लागली तर मालकीण आम्हांला उसवून परत शिवायला लावते. इथं माणसाचं आयुष्य उलटं शिवत होते आणि उसवा म्हणणारं कुणी नव्हतं.

आणि मग तुझा दिवस आला. जज्जसाहेबांनी सगळा पुरावा वाचून दाखवला आणि तुला विचारलं, याबद्दल तुम्हांला काय सांगायचंय? वकिलानं तुला पढवलं होतं, प्रत्येक प्रश्नाला 'खोटं आहे' म्हण. तू तसंच म्हणत गेलास. पण गठ्ठ्याची पाळी आली आणि तू मान वर केलीस. "साहेब, गठ्ठा माझ्या गाडीत हुता. जबाबदार मीच." वकिलानं डोक्याला हात लावला. आणि तू शांत! अप्पांनी शाबासकी द्यावी तसा तुझा चेहरा होता.

दहा वर्षं दिली तुला. आरोपीनं माल आपला नसल्याचं कुठंही म्हटलेलं नाही, असं निकालात लिहिलंय.

बनसोडे वकीलबाई आपल्याला आधी का भेटल्या नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. सात रस्ता चौकाजवळ त्यांचं एका खोलीचं ऑफिस. अपिलासाठी मी त्यांच्याकडं गेले तेव्हा त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला आधी त्याला भेटू दे." जेलात येऊन त्या तुला भेटल्या. तू त्यांनाही अप्पांचा नियम ऐकवलास म्हणे! त्या तुझ्यावर कशा डाफरल्या ते त्यांनीच मला सांगितलं. "नागेश, गाडी जप्त झाली. तू आता ड्रायव्हर नाहीस, आरोपी आहेस. ड्रायव्हरनं गिऱ्हाइकाचं नाव झाकायचं असेल, पण आरोपीनं आपल्या वकिलापासून काही झाकायचं नसतं." तेव्हा कुठं तू नाव घेतलंस. त्यानंतर रडलास, हेही त्यांनी सांगितलं.

त्यांनी मला खोटी आशा दाखवली नाही. म्हणाल्या, "हे खालच्या कोर्टात सांगायला हवं होतं. अपिलात नवीन गोष्ट सहजी ऐकून घेत नाहीत." पण बाकीच्या चुका त्यांनी एकेक करून दाखवल्या. गठ्ठा रस्त्यावर फाडला, पण सील नंतर ठाण्यात जाऊन केलं. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे असतात, ते काढलेच नाहीत. आणि ते दोन पंच, तेच दोघं आणखी कितीतरी केसमध्ये पंच! "बोलायला जागा आहे," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी घरी येऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोटभर खाल्ली. कितीतरी दिवसांनी चव लागली होती.

तुला भेटायला आले तेव्हा तुझे डोळे पिवळे दिसले. म्हटलं, दाखवलंस का? तू म्हणालास, "गोळ्या दिल्यात." मी तिथल्या साहेबांना सांगितलं, वकीलबाईंनी अर्ज टाकला. त्या अर्जाची तारीख लागायच्या आधी तुला दवाखान्यात हलवलं, आणि मला फोन आला तो तू गेल्याचाच. मी मशीनवर होते. हातातली कॉलर पुरी शिवून मग उठले. का, ते माझं मलाच कळलं नाही. दवाखान्यात तुझ्या पायाशी पोलीस बसला होता. मेलेल्या माणसावर पहारा! मी त्याला म्हटलं, "जावा आता घरी. ह्यो पळून जात न्हाय." बिचारा खाली बघत उठला.

आता अप्पांचं सांगते. अर्जाचं मी घरात काढलं तेव्हा ते आधी म्हणाले, "सोड आता. मेलेल्याला परत कोर्टात उबं करून काय मिळायचं?" मी चिडले. म्हटलं, काही मिळायचं नाही, पण तो गांजा विकणारा नव्हता एवढं तरी कुणीतरी लिहून देऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर धोतर नेसून, काठी घेऊन दारात तयार. "मला बी ने वकीलबाईकडं."

रिक्षातून त्यांना नेलं. ऑफिसात बसल्यावर त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "बाई, मी सांगू का जज्जसायबाला? पोरगं जे बोललं ते माझं बोलणं हाय. मी शिकवलं त्याला. त्याचा काय बी दोष न्हाय."

वकीलबाई हळू म्हणाल्या, "अप्पा, अपिलात साक्षी घेत नाहीत."

"मग कुटं घेत्यात?" अप्पांनी विचारलं.

वकीलबाईंनी त्यांना पाणी दिलं. घरी आल्यापासून अप्पांचं एकच चाललंय. संध्याकाळी दारात बसतात आणि रस्त्यानं टेम्पो गेला की मान वळवून बघतात. आपली गाडी अजून ठाण्याच्या आवारात सडतेय, हे त्यांना माहीत आहे, तरी बघतात. मला त्यांचा राग येतो, आणि दुसऱ्या क्षणी त्यांना जेवायला वाढावंसं वाटतं. तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला हे बोलता येत नाही.

तर आज कोल्हापूर. पहाटेच्या एसटीनं मी आणि वकीलबाई गेलो. अर्जाबरोबर माझं प्रतिज्ञापत्र होतं. त्यात मी चिंधीवाल्याचं नाव लिहून दिलंय. तो तुझ्या गाडीत गठ्ठे टाकायचा हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, तेही शपथेवर सांगितलंय. वकीलबाईंनी दोनदा विचारलं, "त्यानं उद्या येऊन त्रास दिला तर?" मी म्हटलं, येऊ दे की. तू तर त्याची वाटच बघत होतास. कोर्टानं हे वाचलंच पाहिजे असं नाही, तेही मला माहीत आहे. पण नाव आता कागदावर आहे. नाक्यावर घेतलं नाही मी ते, कोर्टात घेतलं. अप्पांचा नियमही मोडला नाही.

खिडकीवरच्या माणसानं कागद चाळले आणि विचारलं, "अपील करणारा कुठंय?"

वकीलबाई म्हणाल्या, "मयत."

त्यानं मान वर न करताच विचारलं, "मग केस कुणाची आता?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "माझीच हाय, साहेब."

आणि मला एकदम तू दिसलास रे. मोहोळच्या पुढं, उन्हात, गाडीजवळ उभा. मला इतके दिवस वाटत होतं, तू मूर्खासारखा बोललास. आज कळलं, ते आधी तोंडातून निघतं आणि मग माणसाला कळतं की आपण काय अंगावर घेतलं. वकीलबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. परतीच्या गाडीत मी सांगोल्यापर्यंत रडले. शेजारची बाई मला संत्र्याची गोळी देत होती.

नागू, जिंकू असं वचन मी देत नाही. अपील कधी निघेल ते वकीलबाईंनाही सांगता येत नाही. अप्पा तोवर राहतील का, माहीत नाही. निकाल लागलाच, तरी तो ऐकायला तू नाहीस. पण दहाव्याला घाटावर सगळे बोलले आणि मी गप्प राहिले होते, ते आता बोलते. तुझी केस आता माझ्या गाडीत चढली आहे. अप्पांचा दुसरा नियम माझ्याही लक्षात आहे. पोचल्याशिवाय मी गाडी सोडणार नाही.

तुझी,
अक्का